पिंजऱ्याखालचा चिखल

नॉर्वेच्या किनाऱ्यावर समुद्रात सामन मासे पाळण्याच्या पिंजऱ्याखालून ग्रॅब या तळाचा नमुना उचलणाऱ्या उपकरणाच्या पोलादी जबड्यात चिखल वर येतो, तेव्हा तपासनीस त्याचा सामू मोजतात आणि शिवाय त्याचा वासही घेतात. चिखल करडा, घट्ट आणि बिनवासाचा असेल तर तळ ठीक आहे. काळा, पातळ, बुडबुडे सोडणारा आणि सडक्या अंड्यांसारखा वास मारणारा असेल तर पचवता येईल त्याहून अधिक घाण तळाच्या वाट्याला आली आहे. रंग, वास आणि घट्टपणा यांना गुण देणे हा तिथल्या अधिकृत तपासणीचाच भाग आहे.

तिथे एका पिंजऱ्यात २ लाखांपर्यंत सामन ठेवता येतात. त्यांची विष्ठा आणि उरलेले खाद्य तळाशी साचते, ते कुजवताना जिवाणू चिखलातला ऑक्सिजन संपवतात, आणि मग सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडू लागतात. शिंपले आणि तारामासे नाहीसे होतात; उरतात ते कॅपिटेला नावाचे बारीक तांबडे कृमी आणि वर पसरलेली बेगियाटोआ जिवाणूंची पांढरी साय. म्हणूनच माशांची प्रत्येक खेप काढल्यानंतर जागा किमान दोन महिने पडीक ठेवावी लागते.

कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा अमोनिया मात्र पाण्यात विरघळून जातो. वाहत्या पाण्यात त्याचा माग काढणे कठीण असते. पण टास्मानियातील मॅक्वारी हार्बरसारख्या अरुंद तोंडाच्या खाडीत खोल पाण्यातला ऑक्सिजन घटला, त्यामागे सामनशेती हे एक प्रमुख कारण ठरले, आणि मॉजियन स्केट हा पाकटाच्या कुळातला दुर्मीळ मासा संकटात आला.

खुल्या समुद्रात जाणे हा यावरचा उपाय सांगितला जातो. ११० मीटर व्यासाचा ‘ओशन फार्म १’ हा पिंजरा २०१७ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यापासून दूर उभा राहिला, तो त्याच विचाराने. सेकंदाला ३ सेंटिमीटर वेगाने बुडणारी विष्ठा ५० मीटर खोल जायला सुमारे अर्धा तास घेते. तेवढ्यात सेकंदाला १० सेंटिमीटरचा प्रवाह तिला १६० मीटरहून दूर नेतो, आणि ५० सेंटिमीटरचा असेल तर ८०० मीटरच्याही पुढे. ढीग साचत नाही हे खरे, पण माझ्या मते याला घाण पसरवणे म्हणावे, कमी करणे नव्हे. सामनच्या अंगावरील परजीवी उवांच्या अळ्यांना तर प्रवाह वाहनच मिळवून देतो. शिवाय जोरदार प्रवाहाखालचा तळ बहुधा खडकाळ असतो, त्यावर स्पंज आणि थंड पाण्यातली प्रवाळे वाढतात, आणि तिथे कॅमेराच सोडावा लागतो, कारण ग्रॅबचा जबडा पुष्कळदा रिकामाच वर येतो.