दोन घरं, एक अवस

कादंबरी सुचली तेव्हा हाताशी दोन घरं होती. एक गिरगावातल्या चाळीतलं, मूळ अलिबागकडचं. दुसरं रेवसशेजारच्या बोडणीतलं, कोळ्याचं. एकमेकांची तोंडओळखही नसलेल्या या घरांना मी ज्या दिवसात बांधलं तो दिवस मात्र खरा आहे: १७ जुलै १९४७, गुरुवार.

त्या सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. तास-दीड तासाचा प्रवास. रस्त्याने जायचं तर पनवेल-पेणचा भलामोठा वळसा, त्यामुळे अलिबागकरांना बोट म्हणजे घरचीच वाट. तिची कंपनीही देशी. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी १९२७च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या होत्या. तरी लोक बोटीने जात राहिले. जाणार कशाने?

‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ वादळात सापडली. लाटांचं पाणी आत आलं, घाबरलेली माणसं एका अंगाला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, म्हणून मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ताच नव्हता. त्या काही तासांनी मला कादंबरीकडे ओढलं. चाळीत तेव्हा जेवणं उरकली असतील, कुणी पानाला चुना लावत असेल.

आधी कळलं ते कोळ्यांना. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या मचव्यांनी म्हावरं दर्यात ओतलं आणि माणसं भरली. पाऊणशेच्या आसपास जीव वाचले, असं सांगतात. माझा कोळी त्या मचव्यांवरचा. त्याचा धाकटा भाऊ बोटीवर खलाशी. भावाला शोधताना तो परक्या माणसांना वर ओढतो. एकाचा दंड धरतो आणि हातात नुसती सदऱ्याची बाही उरते. तो माणूस गिरगावातल्या घराचा. एवढं मी रचलेलं.

तिथी मात्र रचावी लागली नाही. आषाढी अवस. पुरुषांची गटारी, म्हणून बोट भरलेली. बायकांची दिव्यांची अवस, म्हणून घरोघर समया, निरांजनं घासून पाटावर मांडलेली. त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणजे लगेच धोंड्याचा महिना: जावयाला बोलवायचं, अनारसे वाण द्यायचे. जावई नसलेल्या घरात अनारशाच्या पिठाचं काय करतात, हे मला कुणाला विचारवलं नाही. बरोबर २९ दिवसांनी, धोंड्यातच, स्वातंत्र्य आलं. चाळीत रोषणाई झाली असणार.

सगळ्यात जास्त अडलो ते प्रेतांपाशी. देह मिळाला नाही तर शास्त्रात पालाशविधी आहे: पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. कायद्याचा हिशोब निराळा. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात, सात वर्षं ज्याची खबर नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर टाकली होती. कादंबरीतली गिरगावातली म्हातारी सासू दोन्ही मानत नाही. पुतळा जाळला की मुलगा गेला, न जाळला तर कदाचित कुठल्या तरी किनाऱ्याला लागला असेल. सुनेचं कुंकू त्या ‘कदाचित’वर अडलेलं. कोळ्याला ठाऊक आहे, कारण बाही त्याच्याकडे आहे.

वर्षाने, तारखेने नव्हे तर तिथीने, तो चाळीचे जिने चढतो. सून चिंचेने समई घासत बसलेली, बोटं काळी-आंबट. तो दारात उभा राहतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाही काखेत. आतून सासू विचारते, “कोण आलंय गं?”

पहिलं प्रकरण इथून सुरू होतं.