रिंगचा हूक आणि खाडीचा वारा

घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरचं माहितीपत्रक उघडलं की जिम, क्लब हाउस, जॉगिंग ट्रॅक यांच्या यादीत कुठेतरी ‘भूकंपरोधक रचना’ असंही छापलेलं असतं. जणू बिल्डरने ती हौसेने घातलेली जादा सोय! प्रत्यक्षात ठाणे, नवी मुंबई आणि मुंबई हा सगळा पट्टा भूकंप क्षेत्र ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या गटात, धरूनच गेली कित्येक वर्षं इथे इमारतींचा हिशोब होतो. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला झालेला भूकंप मुंबईपर्यंत जाणवला होता. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून लहान लहान धक्क्यांची रांगच लागली होती. म्हणजे भीतीने झोप उडावी असं काही नाही, पण आपला काय संबंध म्हणून विषय सोडून द्यावा असंही नाही.

मात्र ‘भूकंपरोधक’ म्हणताना इंजिनिअरच्या मनात जे असतं आणि फ्लॅट घेणाऱ्याच्या मनात जे असतं, त्यात बरंच अंतर आहे. घेणाऱ्याला वाटतं, भिंतीला तडासुद्धा जाणार नाही. इंजिनिअरचं गणित वेगळं असतं: मोठा धक्का बसला तर भिंती फुटतील, बीमला भेगा जातील, कदाचित इमारत पुन्हा राहण्याजोगी उरणारही नाही, पण ती कोसळायची नाही आणि माणसं जिन्याने खाली यायला हवीत.

या गणितातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एखादी चार मजली इमारत घेऊ. तिचं वजन १००० टन धरू. २०१६ च्या भारतीय मानकानुसार क्षेत्र ३ चा गुणक, म्हणजे वजनाच्या मानाने आडवा धक्का किती धरायचा ते प्रमाण, ०.१६ आहे. संकल्पनासाठी त्याचा निम्मा धरायचा, म्हणजे ०.०८. इतक्या उंचीची इमारत जमिनीपेक्षा जास्त जोराने हलते, म्हणून त्याला २.५ ने गुणायचं. आले ०.२. याचा अर्थ, इमारत अजिबात न वाकता-मोडता उभी राहायची असेल, तर तिला २०० टनांचा आडवा धक्का सोसावा लागेल. पण हेच मानक, म्हणजे भूकंपाची संहिता, इथे एक मोठी सूट देते. नीट बांधलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यासाठी या आकड्याला चक्क ५ ने भागता येतं. उरले ४० टन! त्यावर सुरक्षेचे गुणक लागतात आणि सांगाड्यात थोडी जादा ताकद आपसूक असतेच, तरी २०० आणि ४० मधलं अंतर त्याने भरून निघत नाही.

ही सूट कशाच्या भरवशावर? खडू वाकवायला गेलं की तो ताडकन तुटतो, तार मात्र पुन्हा पुन्हा वाकवली तरी बराच वेळ हातात राहते. काँक्रीट जातीने खडू आहे. त्याच्याकडून तारेसारखं वागणं करून घ्यायचं असेल तर त्याला आतून घट्ट आवळून धरावं लागतं. हे काम उभ्या जाड सळया एकट्याने करू शकत नाहीत. त्यांच्याभोवती गुंडाळलेल्या बारीक सळईच्या चौकटी, ज्यांना साइटवर सगळे रिंग म्हणतात, त्या हे काम करतात. कॉलमला धक्का बसला की बाहेरचं काँक्रीट गळून पडतं, पण रिंगच्या आतला गाभा आवळलेला राहिला तर तो वाकत, चेपत, धक्क्याची ऊर्जा पचवत वरचा भार पेलत राहतो.

म्हणून १९९३ साली निघालेल्या आय. एस. १३९२० या मानकात रिंगबद्दल इतका काटेकोरपणा आहे. कॉलम आणि बीम जिथे भेटतात त्या टापूत रिंग १०० मिलिमीटरच्या आत एकेक हवी. आणि तिच्या टोकाचा हूक नुसता काटकोनात नको, १३५ अंशांत आत वळवून गाभ्यात शिरलेला हवा. काटकोनातला हूक बाहेरच्या कव्हरमध्येच, म्हणजे सळयांवरच्या काँक्रीटच्या थरातच, राहतो. कव्हर गळालं की तो उघडतो, आणि मग रिंग असून नसल्यासारखी. फिटरला काटकोन सोपा पडतो, सळया चढवायला वेळही कमी लागतो. मुकादमाने लक्ष दिलं नाही, इंजिनिअर त्या दिवशी दुसऱ्या साइटवर असला, की हूक काटकोनातच राहतो. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडतं आणि पुढची पन्नास वर्षं ते कुणालाच दिसत नाही. २०० टनांचे ४० टन करणारी सूट मात्र कागदावर घेतलेली असते.

याच मानकात आणखी एक शहाणपण आहे. मोडायचंच असेल तर आधी बीम मोडावा, कॉलम नाही. त्यासाठी जोडावर भेटणाऱ्या कॉलमची ताकद बीमच्या किमान १.४ पट ठेवायची. बीम गेला तर एका खोलीचं नुकसान होतं, कॉलम गेला तर त्याच्या डोक्यावरचे सगळे मजले जातात.

आता आपल्या सोसायट्यांकडे पाहू. वरच्या प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती, आणि तळाला नुसते कॉलम, कारण तिथे गाड्या लावायच्या. स्टिल्ट. भिंतींमुळे वरचे मजले ताठ होतात आणि एका ठोकळ्यासारखे हलतात. जे काही वाकायचं ते सगळं तळमजल्याच्या कॉलमच्या वाट्याला येतं. २६ जानेवारी २००१ ला भूज परिसरात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या कित्येकांची तळाची रचना अशीच उघडी होती. पुढच्याच वर्षी संहितेत नियम आला, की अशा ‘मऊ’, म्हणजे वरच्यांपेक्षा कमी ताठ, मजल्याचे कॉलम आणि बीम अडीचपट बलासाठी घडवा, नाहीतर तिथे काँक्रीटच्या भिंती द्या. त्याआधीच्या स्टिल्टचं काय, हा प्रश्न आपल्याकडे अजून पार्किंगच्या वादाखालीच दबलेला आहे. तळमजल्यावर शोरूम किंवा बँक आली की ‘हॉल मोठा हवा’ म्हणून भिंती उडवतात, त्यानेही हेच होतं. माझ्या मते, सोसायटीच्या परवानगीने बिनदिक्कत केल्या जाणाऱ्या कामांत याहून घातक दुसरं नाही.

जमिनीचाही हिशोब आहे. येऊरच्या पायथ्याशी बेसाल्टचा कातळ फार खोल नाही. वाशी, कोपरखैरणे, नेरूळच्या खाडीकडच्या बऱ्याच भागात मात्र भरावाखाली मऊ सागरी चिकणमाती आहे. तिच्यात इमारत खचू नये म्हणून पाइल, म्हणजे जमिनीत खोल गाडलेले खांब, कातळापर्यंत न्यावे लागतात, ते नेलेही जातात. पण मऊ थर दुरून आलेल्या संथ लाटा फुगवतो. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या भूकंपाने जुन्या तळ्याच्या गाळावरच्या इमारती पाडल्या, आणि त्यातही साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या जास्त, कारण त्यांचं डुलणं आणि गाळाचं डुलणं एका तालात आलं.

पण इथे खाडीकाठी राहणाऱ्याने भूकंपाच्याही आधी गंजाची काळजी करावी. ताजं काँक्रीट खूप अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या वर. त्यात सळईवर एक अतिपातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत ही अल्कता खाली आणतो, आणि खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड तर थेट तो थरच फोडतात. कळवा-मुंब्र्याकडचं रेतीबंदर हे नावच सांगतं, की खाडीतली रेती इथे उपसली जात होती. ती नीट न धुता वापरली तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. ती मिळाली नाही की काँक्रीट आतून फुगून फुटतं. वाशीच्या जुन्या सिडको घरांत राहिलेल्यांना छताचा पोपडा पडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

यात सगळ्यात आधी बळी कोण जातो? रिंग. कारण ती सर्वांत बाहेर असते आणि सर्वांत बारीकही. ८ मिलिमीटरची रिंग सगळ्या बाजूंनी एकेक मिलिमीटर गंजली की ६ मिलिमीटरची उरते, म्हणजे तिचं क्षेत्रफळ जवळजवळ ४४ टक्क्यांनी घटलं. जाड सळईचं तेवढ्याने फारसं बिघडत नाही, म्हणून इमारत रोजच्या भाराला व्यवस्थित उभी दिसते. ज्या रिंगच्या जोरावर भूकंपाची सूट घेतली होती, ती मात्र निम्मी झालेली असते. सध्याचं मानक किनारी हवेसाठी किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट (आकडा मोठा तितकं ते मजबूत) आणि ४५ मिलिमीटर कव्हर मागतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत एम १५ सर्रास चालत असे. वरून पुट्टी मारून रंग काढला की गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो.

वाऱ्याचं त्या मानाने सरळ आहे. मुंबई परिसरासाठी इमारती सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटरचा झोत धरून आखतात. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. काँक्रीटचा सांगाडा तो सोसतो. उडतात ते गच्चीवर गळतीसाठी घातलेले पत्रे. पुराचंही तसंच. नवी मुंबईत सिडकोने सखल भागात धारण तलाव केले, भरतीला झडपा बंद आणि ओहोटीला पाणी खाडीत. तलाव गाळाने भरले आणि त्यात तिवरं वाढली की ती सोय लंगडी पडते. त्यामुळे मीटर रूम आणि जनरेटर तळाला न ठेवता उंचावर नेलेले बरे.

तीस वर्षांपुढच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, आणि सी-१ (अतिधोकादायक) ते सी-३ (किरकोळ दुरुस्तीची) हे शेरे आता ठाण्यात घराघरांत माहीत झालेत. ऑडिट म्हणजे हातोडी वाजवून फोटो काढणं नव्हे. कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढून, ताकद पाहिली का, क्लोराइड तपासले का, कापलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीन टाकल्यावर तो गुलाबी झाला की रंगहीनच राहिला, हे कमिटीने विचारावं. रंगहीन म्हणजे तिथली अल्कता संपली. आणि स्टिल्टबद्दल स्वतंत्र प्रश्न विचारावा, कारण गंजाच्या दुरुस्तीत तो सहसा येतच नाही.

त्याला उपाय आहे, फार अवघडही नाही. कॉलमना काँक्रीटचं जॅकेट चढवायचं, नाहीतर इंजिनिअर दाखवेल त्या दोन-चार ठिकाणी कॉलमांच्या मधल्या जागेत पायापासून काँक्रीटच्या भिंती किंवा लोखंडी तिरपे टेकू द्यायचे. खर्चाला सभासद कुरकुरत का होईना तयार होतात. सभा अडते ती पुढच्या मुद्द्यावर: भिंती जिथे येणार तिथली पार्किंग कुणाची?