माशाचा पत्ता डोंगराला विचारा

मे महिन्यात रायगडाच्या परिसरात काळ नदीच्या काठानं चालत गेलं, तर नदी म्हणावी असं फारसं काही दिसत नाही. तापलेले काळे कातळ, खाचांमध्ये अडकलेली हिरवट डबकी, मध्येच एखादी करंगळीएवढी धार. आणि मग वाळण कोंड येतो. दोन्हीकडे कातळ, मध्ये खोल, काळंशार पाणी. चुरमुऱ्यांची मूठ टाकली की पाणी उकळल्यासारखं हलतं आणि हातभर लांबीचे मासे वर येतात. हे महसीर. देवीचे मासे म्हणून इथं त्यांना कुणी धरत नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथं, वैतरणेच्या पात्रात, महादेवाच्या देवळापाशीही असेच राखलेले महसीर आहेत.

श्रद्धेनं हे मासे जाळ्यापासून वाचवले, यात शंका नाही. पण मैलोन्‌मैल नदी सोडून ते नेमके इथंच का जमतात? माझा अंदाज असा, की मासे आधी आले आणि देवपण मागाहून. उन्हाळ्यात नदीनं ज्या दोन-चार जागा जगण्याजोग्या ठेवल्या, त्यातली ही एक. कोकणात अशा जागेला कोंड म्हणतात, घाटावर डोह. ती जागा कुठं असेल हे मासा ठरवत नाही. ते डोंगर ठरवतो, झाडं ठरवतात आणि जमिनीखालचं पाणी ठरवतं.

आधी उन्हाचा हिशेब करू. मे महिन्यातल्या दुपारी एक चौरस मीटर पाणी साधारण ८०० वॉट ऊन शोषतं असं धरा. पाणी घोट्याएवढं, म्हणजे १० सेंटीमीटर खोल असेल, तर त्या चौरस मीटरात १०० लिटर पाणी झालं. वाफ आणि वारा यांनी जाणारी उष्णता बाजूला ठेवली, तर हे पाणी तासाभरात सुमारे ७ अंशांनी तापेल. तेच ऊन ३ मीटर खोल डोहावर पडलं, तर ३००० लिटर पाण्यात वाटलं जातं आणि सगळं पाणी मिळून तासाला पाव अंशही वर चढत नाही. प्रत्यक्षात डोहाचा वरचा थर जास्त तापतो आणि तळ गार राहतो, ते माशाच्या पथ्यावरच पडतं. रात्री उथळ पाणी तितक्याच झपाट्यानं निवतं. म्हणजे उथळ पात्रातल्या जिवाला दिवसाआड नव्हे, दिवसातून दोनदा ऋतू बदलल्यासारखं होतं. डोहातल्या माशाला ते जवळजवळ कळतही नाही.

या हिशेबात सावली आणली की सगळे आकडे खाली येतात. सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज ही झाडं असतात. डोंगरउतारावरचं पानझडी रान एप्रिलमध्ये खराट्यासारखं झालेलं असताना ओढ्याकाठची ही झाडं हिरवी असतात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा त्यांची छत्री उघडी असते. वर उंबरं टपकतात, तीही महसीर खातो.

आता विहिरीकडे या. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार लागतं आणि हिवाळ्यात कोमट, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पाणी खरं तर दोन्ही वेळा जवळपास सारखंच असतं, बदलतो तो आपल्या अंगाभोवतीचा वारा. जमिनीत काही मीटर खाली उन्हाळा-हिवाळा पोचत नाही. तिथलं तापमान त्या जागेच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर राहतं. महाबळेश्वरात ते २० अंशांच्या आसपास, खाली कोकणात २७ च्या आसपास. त्यामुळे ज्या डोहाच्या तळाशी किंवा कडेला झरा फुटतो, तिथं मे महिन्यातही एक गार कोपरा तयार असतो. माथ्यावरचा जांभा पावसाळ्यात पाणी पितो आणि पुढे महिनोन्‌महिने ते झिरपत सोडतो. काळ्या कातळात भेगा असतील तिथूनच ते बाहेर येतं. म्हणून दोन डोह दिसायला सारखे असले, तरी एकात मासे गच्च आणि दुसऱ्यात शुकशुकाट असं होऊ शकतं. (याच कोकणात जमिनीतून कढत पाणीही येतं. महाडजवळ सव इथं आणि तानसेच्या काठी अकलोलीला ते बघायला मिळतं. पण ते फार खोलवर जाऊन तापून आलेलं पाणी, त्याची जातच वेगळी.)

गारव्यासाठी माशाची एवढी धडपड का? माशाच्या शरीराचं तापमान पाण्यासोबत वर-खाली होतं. पाणी १० अंशांनी तापलं की त्याच्या शरीराचा कारभार ढोबळमानानं दुप्पट वेगानं चालतो, म्हणजे प्राणवायूही दुप्पट लागतो. आणि पाणी तापलं की त्यात मावणारा प्राणवायू मात्र घटतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ७.६. गरज वाढते आणि पुरवठा आटतो, एकाच वेळी.

इथं एक गंमत आहे. डोंगरावरच्या गार ओढ्यात प्राणवायू भरपूर असतो, असं आपण सहज म्हणून जातो. पण महाबळेश्वर १३०० मीटरहून उंच आहे, तिथं हवेचा दाब कमी, त्यामुळे पाण्यात वायू विरघळतोही कमी. हिशेब केला तर महाबळेश्वरच्या २० अंशांच्या पाण्यात सुमारे ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि खाली कोकणातल्या ३० अंशांच्या पाण्यात ७.६. जवळजवळ बरोबरी! फरक पडतो तो माशाच्या भुकेत. वरच्या गार पाण्यात त्याला खालच्याच्या निम्माच प्राणवायू पुरतो. शिवाय खळाळत्या ओढ्यात गेलेला वायू लगेच भरून निघतो, साचलेल्या डबक्यात नाही.

खळाळ आणि डोह यांची ही रांग लागते कशी, तर त्यामागे आपला दगड आहे. दख्खनचा पठारी कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तयार झाला. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ लवकर झिजतो, टणक उंबऱ्यासारखा उभा राहतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या खडकाला दिलेलं 'ट्रॅप' हे नाव स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलं आहे. पायरीवरून पाणी पडतं तिथं खाली डोह खोदला जातो. मधल्या सपाटीवर गोटे पाण्याबरोबर गरगर फिरून रांजणखळगे कोरतात. निघोजला कुकडीच्या पात्रातले खळगे पाहायला लोक जातात ते पर्यटनासाठी, पण अशा खळग्यांत उरलेलं पाणी हा छोट्या जिवांचा उन्हाळ्यातला निवारा असतो.

पायऱ्यांचा दुसरा परिणाम म्हणजे मासे निवडले जातात. मोठा धबधबा महसिराला चढता येत नाही. त्याच्या वर राहतात ते धारेला चिकटून बसणारे. खंडाळ्याहून पहिल्यांदा नोंदवला गेलेला पॅराप्सिलोऱ्हिंकस टेंटॅक्युलॅटस हा बोटाएवढा मासा आणि त्याचे भाऊबंद याच जातकुळीतले. त्यांच्यातल्या काहींच्या हनुवटीखाली चिकटण्यासाठी चकती असते. पुण्याचं नाव मिरवणाऱ्या ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिसच्या छातीवर वळ्यावळ्यांची पट्टी असते, तिनं तो खडक धरून ठेवतो. या माशाचं वर्णन १९३८ मध्ये सुंदरलाल होरा यांनी केलं. डोंगरी प्रवाहातले प्राणी खडकाला कसे धरून राहतात यावर होरांनी आयुष्यातली बरीच वर्षं घालवली.

बेल्जियमच्या मार्सेल ह्यूए यांनी १९४९ मध्ये युरोपातल्या नद्यांची माशांवरून विभागणी सुचवली. वर ट्राउटचा पट्टा, मग ग्रेलिंगचा, मग बार्बेलचा, शेवटी ब्रीमचा. नदीचा उतार आणि रुंदी सांगा, मासा सांगतो, असा तो प्रकार. तीच वाटणी गंमत म्हणून कृष्णेवर बसवून पाहिली तर? उगमाजवळ खडकाला चिकटणारे आणि गोट्यांखाली दडणारे मुऱ्यासारखे मासे. घाटाच्या पायथ्याच्या डोहांत महसीर. पुढे पात्र रुंदावलं की कोळशी, शिंगाळा. आणि संथ, तापल्या, गाळाच्या पाण्यात मरळ, कारण मरळ थेट हवेतला श्वास घेतो, पाण्यातल्या प्राणवायूवर अडून बसत नाही. सावित्रीला हे कोष्टक लागू पडत नाही. ती कृष्णेसोबत त्याच महाबळेश्वरात उगम पावते, पण पश्चिमेला वळते आणि पहिल्या काही किलोमीटरांतच हजारभर मीटर खाली उतरते. कृष्णेला समुद्र गाठायला १४०० किलोमीटर लागतात, सावित्रीला शंभरेक. त्यामुळे तिच्याकडे मधले पट्टे पसरायला जागाच नाही. डोंगर संपला की लगेच खाडी.

आपल्या नद्यांचं आणखी एक वेगळेपण म्हणजे त्या वर्षात दोन आयुष्यं जगतात. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरींनंतर तापलेलं पाणी एकदम निवतं, गढूळ होतं, ओढ लागते, आणि पोटात अंडी घेऊन मासे उलटे वर निघतात. हे चढणीचे मासे. कोकणात वलगण म्हणतात ती हीच. महसीर डोहातून निघून गोट्यांच्या, वाहत्या, स्वच्छ पाण्याकडे जातो. त्याची अंडी मोठी, पिवळसर आणि बुडणारी. ती गोट्यांच्या फटीत जाऊन बसतात आणि तीन-चार दिवसांत फुटतात. तेवढे दिवस फटींतून पाणी खेळतं राहिलं पाहिजे. वर मातीचा थर बसला तर अंडी गुदमरतात. बाहेर पडलेली पिल्लं मात्र काठाच्या उथळ, कोमट पाण्यात राहतात. तिथं मोठे मासे येत नाहीत आणि उबेत वाढही लवकर होते. म्हणजे ज्या उथळ पाण्याला आपण वर नावं ठेवली, तेच पाळणाघर. माशाला गार पाणीच हवं किंवा खोलच हवं, असं नाही. त्याला एका नदीत सगळं हवं असतं, आणि एकातून दुसऱ्यात जायला वाट.

आपण नेमकी ही विविधता मोडत आलो. पात्रातून वाळू आणि गोटे उपसले की अंडी घालायची जागा जाते. उघड्या पडलेल्या उतारावरची माती वाहून आली की डोह भरतो. ओढ्याचं 'खोलीकरण' करताना यंत्रानं काठची झाडं काढून पात्र एकसारखं, रुंद, सपाट केलं जातं. पाणी मुरवण्याचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण पूर्वीच्या आडव्यातिडव्या ओढ्यात सावली, खळाळ आणि डोह होते, तिथं आता वरच्या हिशेबातलं १० सेंटीमीटरचं तापणारं पाणी उरतं.

धरणाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. कोयनेचा बांध १०३ मीटर उंच. एवढ्या खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचं गरम पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि खालचं गार पाणी तळाशी कोंडलं जातं. त्यात प्राणवायू कमी होत जातो, कारण वरची हवा तिथवर पोचत नाही. त्यातून जे पाणी सुटतं त्याचं तापमान ऋतूवर कमी आणि ते कोणत्या खोलीवरून घेतलं यावर जास्त अवलंबून असतं. शिवाय कोयनेचं पाणी वीज करून पोफळीला उतरतं आणि वाशिष्ठीला मिळतं. जी नदी उन्हाळ्यात हडकुळी असायला हवी, ती भरून वाहते. मुळशीचं पाणीही असंच भिऱ्याला उतरून कुंडलिकेत जातं, त्यावर कोलाडला भर उन्हाळ्यात राफ्टिंग चालतं. पर्यटकांची चैन होते. माशाच्या लेखी मात्र डोंगरानं आखलेला पाणलोट बोगद्यानं मोडलेला असतो, आणि पाणी चढतं-उतरतं ते पावसाच्या नव्हे, विजेच्या वेळापत्रकानं.

अशा बदललेल्या पाण्यात चिलापी फोफावते. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याला उष्ण पाणी चालतं, कमी प्राणवायू चालतो, आणि मादी अंडी तोंडात सांभाळते. गोटे नको, खळाळ नको, चढण नको. उजनीच्या परिसरात चिलापीवर आज कितीतरी घरं चालतात, त्यामुळे तिला निव्वळ खलनायक ठरवणं मला पटत नाही. जिथं बाकीच्यांचे पत्ते पुसले गेले, तिथं ती राहायला आली, एवढंच.

विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. इथल्या लोकांनी सांगितलेली नावंच त्यानं शास्त्रीय नावांत घातली: खुद्री, कोलस, पोटेल, सींघला. महसिराची खुद्री ही जात त्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवली. पुढे लोणावळ्याजवळ वळवण तलावाकाठी टाटा पॉवरच्या केंद्रात या माशाची पैदास सुरू झाली, आणि १९७० च्या दशकापासून तिथली पिल्लं देशातल्या अनेक नद्यांत सोडली गेली. खुद्रीसाठी हे उपकारक ठरलं. पण काही पिल्लं दक्षिणेत कावेरीतही गेली, जिथं खुद्री मूळची नव्हती. तिथं तिचा छान जम बसला. त्याच काळात कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर कमी कमी होत गेला. तो नेमका कोणता, टॉर रेमादेवी, हे २०१८ मध्ये ठरलं, आणि त्याच वर्षी त्याची नोंद नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या जातींत झाली.