अठरा टक्क्यांचा नेम

२४ ऑगस्ट २०१२, शुक्रवार. न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोरचा फुटपाथ. सकाळचे नऊ वाजून गेलेले, ऑफिसला जाणाऱ्यांची आणि पर्यटकांची गर्दी. जवळच्याच रस्त्यावर एका माणसाने आपल्या जुन्या सहकाऱ्याला गोळ्या घालून मारलं होतं आणि काही घडलंच नाही अशा थाटात तो चालू लागला होता. दोन पोलिसांनी त्याला गाठलं. त्याने पिस्तूल काढून त्यांच्यावर रोखलं. पोलिसांनी काही फुटांवरून १६ गोळ्या झाडल्या आणि तो जागीच मेला. तेवढ्यात आजूबाजूचे नऊ वाटसरूही जखमी झाले होते. या नऊही जणांना लागल्या त्या पोलिसांच्याच गोळ्या, किंवा कुठेतरी आपटून उडालेले त्यांचे तुकडे.

हे दोघे काही हौसेनवसे नव्हते. रीतसर प्रशिक्षण घेतलेले, वर्दीतले पोलीस होते. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा हिशेब रँड या संशोधन संस्थेने २००८ साली मांडला होता. १९९८ ते २००६ या काळात समोरचा माणूस उलट गोळ्या झाडत नसताना पोलिसांच्या १०० गोळ्यांपैकी सरासरी ३० लक्ष्यावर लागल्या. समोरून गोळ्या येत असताना फक्त १८.

अमेरिकेत शाळेत गोळीबार झाला की काही दिवसांतच एक जुना उपाय पुन्हा पुढे येतो. शिक्षकांना बंदुका द्या. त्या वेळी मला हा १८ चा आकडा आठवतो. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत २० लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. आठवडाभरात नॅशनल रायफल असोसिएशन या अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या संघटनेचे प्रमुख वेन लापिएर यांनी सांगून टाकलं की बंदूकधारी दुर्जनाला थांबवू शकतो तो फक्त बंदूकधारी सज्जन. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी दहा-वीस टक्के शिक्षकांकडे शस्त्र असावं, अशी कल्पना मांडली. ओहायोत शाळेत शस्त्र बाळगणाऱ्या शिक्षकाला आधी पोलिसांइतकं, म्हणजे ७०० तासांहून जास्त प्रशिक्षण लागत होतं. २०२२ च्या कायद्याने राज्याची सक्ती २४ तासांवर आणली.

हा वाद बहुतेक वेळा हक्क आणि हिंमत या दोनच शब्दांभोवती फिरतो. हिंमत किती लागते हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही. पण नेम मोजता येतो.

पिस्तूल भरलेलं असलं तरी किलोच्या आतच असतं. त्याचा चाप ओढायला मात्र साधारण अडीच किलो वजन उचलण्याएवढा जोर लागतो. म्हणजे ज्या वस्तूचा मागचा भाग आपण जोर लावून ओढतोय ती वस्तू त्या जोरापुढे हलकी आहे, आणि ती हलू द्यायची नाही. घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदांत जेवढा सरकतो, तेवढा म्हणजे एक अंशाचा फरक नळीच्या टोकाला पडला, की दहा मीटरवर गोळी साडेसतरा सेंटिमीटर बाजूला जाते. शाळेच्या वीस मीटरच्या कॉरिडॉरमध्ये हाच फरक ३५ सेंटिमीटरचा होतो. एवढ्या अंतरात शेजारी उभं असलेलं मूल सहज बसतं.

आता यात भीती मिसळा. मराठीला हे शरीरशास्त्र फार आधीपासून माहीत आहे. छातीत धडधडतं, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात. ॲड्रेनलिन रक्तात उतरलं की हृदय जोरात चालतं, बोटांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मांड्या-दंडांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं. पळायला आणि झुंजायला हे उत्तमच. पण सुईत दोरा ओवायचा असेल, कुलपात किल्ली घालायची असेल किंवा चाप हळूवार दाबायचा असेल तर त्याच क्षणी बोटं लाकडासारखी होतात. नजरही आखडते. गोळीबारातून वाचलेले कितीतरी पोलीस सांगतात की समोरच्याचं हत्यार तेवढं दिसत होतं, बाकी काही दिसलं नाही, आणि स्वतःच्या पिस्तुलाचा आवाजसुद्धा कानाला दबका वाटला.

ॲम्स्टरडॅममधल्या संशोधकांनी हे पोलिसांवर तपासून पाहिलं. एकदा समोर नुसता पुतळा ठेवला, एकदा खराखुरा माणूस उभा केला, जो रंगीत साबणाच्या काडतुसांनी उलट गोळ्या झाडायचा. लागल्या तरी फार तर चिमटा बसल्यासारखं दुखेल आणि कपड्यांवर डाग पडेल, एवढीच भीती. तेवढ्यानेही पोलिसांचा नेम ढळला. ज्यांचा सराव अशा दबावाखालीच घेतला त्यांचा नेम मात्र बराच टिकला. म्हणजे ही कला शिकता येते, पण ती घोटावी लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या शिबिरात कागदी लक्ष्यावर गोळ्या मारून ती हाताला येत नाही.

न्यूयॉर्क पोलिसांच्या पिस्तुलाची आणखी एक गोष्ट आहे, आणि सगळ्या वादाची गुरुकिल्ली मला तिच्यात दिसते. चुकून गोळी सुटू नये म्हणून त्या पिस्तुलांचा चाप मुद्दाम जड ठेवला होता. ओढायला जवळपास साडेपाच किलोचा जोर. त्यामुळे रोजच्या दिवशी बंदूक सुरक्षित राहते, पण ऐन वेळी नेम आणखी बिघडतो. हलका चाप ठेवला तर नेम सुधारतो, पण रोजचा धोका वाढतो. बंदूक जितकी तयार तितकी ती असुरक्षित, आणि जितकी सुरक्षित तितकी ऐन वेळी अपुरी.

शाळेत हाच पेच मोठा होऊन समोर येतो. शिक्षिकेने पिस्तूल कपाटात कुलूप लावून ठेवावं की कमरेला बाळगावं? एफबीआयने २००० ते २०१३ मधल्या १६० बेछूट गोळीबारांचा अभ्यास केला. त्यातल्या ज्या ६४ घटना किती वेळ चालल्या हे ठरवता आलं, त्यांपैकी ४४ पाच मिनिटांच्या आत संपल्या होत्या आणि त्यातल्या २३ तर दोन मिनिटांच्या आत. तेवढ्यात कपाट गाठायचं, कुलूप काढायचं, मुलांना आडोशाला करायचं आणि बाहेरचे आवाज कुठून येतायत ते ओळखायचं. म्हणून या योजनेचे पुरस्कर्ते म्हणतात, शस्त्र अंगावरच हवं. ठीक. मग ते तीस मुलांच्या वर्गात वर्षाचे १८० दिवस अंगावर राहणार.

थोडा हिशेब करू. अमेरिकेत सव्वा लाखाहून जास्त शाळा आहेत. वर्षाला पन्नास शाळांवर असा हल्ला होतो, असं मुद्दाम सढळ हाताने धरलं, तरी एखाद्या शाळेवर ही वेळ सरासरी अडीच हजार वर्षांतून एकदा येईल. त्या एका दिवसासाठी साडेचार लाख शाळेचे दिवस बंदूक मुलांमध्ये वावरणार. या उरलेल्या दिवसांत काय होतं त्याच्या बातम्या छोट्या असतात. २०१४ मध्ये युटातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं पिस्तूल शाळेच्या स्वच्छतागृहात चुकून सुटलं आणि तिच्याच पायाला जखम झाली. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शिक्षकाच्या हातून भर वर्गात गोळी सुटली. विषय होता बंदूक वापरताना घ्यायची काळजी, आणि हे गृहस्थ राखीव पोलीस अधिकारीही होते!

आपल्या शेजारचं उदाहरण तर फार कमी जणांना ठाऊक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर दहशतवाद्यांनी हल्ला करून १३० हून जास्त विद्यार्थ्यांना मारलं. त्यानंतर खैबर पख्तुनख्वाच्या सरकारने शिक्षकांना शाळेत शस्त्र आणायला परवानगी दिली. आमचं काम शिकवायचं आहे, असं म्हणत तिथल्या बऱ्याच शिक्षकांनी विरोध केला होता. काही महिन्यांतच, २०१५ च्या जुलैत, स्वात खोऱ्यातल्या एका शाळेत शिक्षक पिस्तूल साफ करत असताना गोळी सुटली आणि बारा वर्षांचा एक विद्यार्थी गेला.

दुसरी बाजूही ऐकायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. टेक्सासमधल्या हॅरोल्डसारख्या खेड्यात पोलीस पोहोचायलाच बराच वेळ लागतो. तिथल्या शाळेने २००७ मध्येच निवडक कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगायची मुभा दिली. मदत वीस-पंचवीस मिनिटं लांब असेल तर तिथले पालक काय म्हणतील याची कल्पना आपण पुण्या-मुंबईत बसून करू नये. शिवाय शस्त्र असल्यामुळे टळलेला हल्ला कुठल्याच नोंदीत येत नाही, हा आक्षेप संख्याशास्त्राच्या दृष्टीने रास्त आहे.

पण ज्या नोंदी आहेत त्या काय सांगतात? २०२१ मध्ये जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात १९८० ते २०१९ मधल्या १३३ घटनांचा अभ्यास आला. त्यातल्या साधारण पाव घटनांत शाळेत सशस्त्र रक्षक हजर होता. इतर बाबी जमेस धरल्यावर, रक्षक असलेल्या शाळांत मृत्यूंचं प्रमाण २.८३ पट निघालं. याचा अर्थ रक्षकामुळे माणसं मेली असा काढायची घाई करू नये. छत्री आणि पाऊस एकत्र दिसतात म्हणून छत्रीने पाऊस पडत नाही. पण रक्षक दिसला की हल्लेखोर मागे फिरतो, या समजुतीला त्या आकड्यांत आधार सापडला नाही. संशोधकांनी कारणही सुचवलं. यातले बरेच हल्लेखोर मरायच्याच तयारीने आलेले असतात. मरायला निघालेल्याला मरणाची भीती घालायची कशी?

शिवाय समोर रायफल असते. पिस्तुलाची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने जाते, एआर-१५ जातीच्या रायफलीची साडेनऊशेच्या. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून गोळी निम्म्याहून हलकी असूनही तिची ऊर्जा तिपटीहून जास्त. मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत अशीच रायफल घेऊन आलेल्या अठरा वर्षांच्या मुलासमोर एकूण ३७६ पोलीस आणि जवान जमले, आणि त्याला मारायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. पोलिसांच्या ढिलाईची चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. पण जिथे एवढ्या सशस्त्र माणसांचा पाय दारात अडला, तिथे चौथीच्या बाईंकडून आपण काय मागतोय?

एफबीआयच्या त्याच अहवालात एक तपशील आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. १६० पैकी २१ घटनांत हल्लेखोराला निःशस्त्र माणसांनी पकडून थांबवलं, आणि त्यातल्या ११ घटनांत ही माणसं शाळेतली होती, मुख्याध्यापक, शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी. पोलीस नसलेल्या सशस्त्र माणसाने गोळीबार करून थांबवलेल्या घटना पाच. त्या पाचांतही चार ठिकाणी सुरक्षारक्षक होते.

तिथल्या शिक्षकांनाही कुणीतरी विचारलं. रँडच्या २०२३ च्या पाहणीत ५४ टक्के शिक्षक म्हणाले की शिक्षकांनी शस्त्र बाळगल्याने शाळा कमी सुरक्षित होईल. जास्त सुरक्षित होईल म्हणणारे २० टक्के.

हे सगळं इतकं उशिरा का मोजलं गेलं, यालाही कारण आहे. १९९३ मध्ये संशोधक आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका २.७ पट दिसतो. बंदूकवाले खवळले. १९९६ मध्ये खासदार जे डिकी यांच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली, बंदूकनियंत्रणाच्या पुरस्कारासाठी सरकारी संशोधनाचा पैसा वापरायचा नाही अशी, आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजपत्रकातून नेमके २६ लाख डॉलर वळवले गेले, जेवढे बंदुकांच्या संशोधनावर खर्च होत होते तेवढेच. त्यानंतर वीसेक वर्षं या केंद्राने या विषयाला जवळपास हात लावला नाही. खुद्द डिकींना २०१२ मध्ये उपरती झाली आणि संशोधन व्हायला हवं, असं त्यांनी जाहीर लिहिलं. पैसा आला तो २०१९ च्या अखेरीस, अडीच कोटी डॉलर. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, बंदूक हे अमेरिकेतल्या १ ते १९ वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण झालं. अपघातांतल्या मोटारींनाही तिने मागे टाकलं. यातला शाळेतल्या हल्ल्यांचा वाटा अगदी लहान. बाकीचे मृत्यू घरात आणि रस्त्यावर होतात.

आणि घरातच पुरावा सर्वांत भक्कम आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ मधले शाळेतले हल्ले तपासले. बंदूक वापरणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश मुलांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून उचलली होती, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या ठिकाणी ती सहज हाताला लागेल अशी पडलेली होती. बंदूक मुलांच्या हाती लागू न देण्याची सक्ती करणारे कायदे जिथे आहेत तिथे मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू कमी होतात, हा निष्कर्ष बंदूक-संशोधनातल्या सर्वांत ठाम निष्कर्षांपैकी एक. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ मध्ये चार विद्यार्थ्यांना मारणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना २०२४ मध्ये दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

माझी मावसबहीण डॅलसजवळ राहते. मुलगा मित्राकडे रात्री राहायला जाणार असेल तर ती आता त्या घरी फोन करून विचारते, तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि असेल तर कुलपात आहे का. पहिल्यांदा विचारताना कुणाचा पगार विचारल्यासारखं ओशाळल्यागत झालं, म्हणाली. समोरची बाई मात्र अजिबात रागावली नाही. बहीण मुलाला सोडायला गेली तेव्हा त्या बाईनेच स्वतःहून कपाट उघडून आकड्यांच्या कुलपाची लोखंडी पेटी दाखवली. बहीण निर्धास्त होऊन घरी आली. रात्री साडेदहाला तिने पुन्हा फोन लावला. तो आकडा तुमच्या मुलाला माहीत नाही ना, हे विचारायचं राहिलं होतं.