वसुलीवाला बँकेचा की भामटा?

मार्चअखेर जवळ आली की खानदेशात वसुलीच्या फोनांना ऊत येतो. विकास सोसायटीचं पीककर्ज, पतसंस्थेचा हप्ता, ट्रॅक्टरचं फायनान्स, बायकांच्या गटाचं मायक्रोफायनान्स. रावेर-यावलचा केळीपट्टा असो की शिरपूर-शहादा, यातलं एखादं कर्ज घरात असतंच. म्हणून "दादा, तुमचा हप्ता थकलाय" हे वाक्य कुणालाही लागू पडतं. बनावट वसुलीवाल्याचं भांडवल तेवढंच.

आपण माणूस पारखतो बोलण्यावरून, आणि तिथेच फसतो. उर्मट तो खोटा आणि अदबीने बोलणारा बँकेचा, असं काही नसतं. बँकेने रीतसर नेमलेला एजंटही दारात येऊन तोंड सोडतो. त्याची तक्रार जरूर करावी, पण कर्ज मात्र खरंच असतं. उलट नाव, पत्ता, गाडीचा नंबर बिनचूक सांगणारा गोड आवाज भामट्याचा असू शकतो. इतकी माहिती आता कुणाच्याही हाती लागते.

बघायचं ते पैसे कुठे जातात. खऱ्या वसुलीत रक्कम कर्जखात्यात जमा होते आणि रोख दिली तर संस्थेची पावती मिळते. भामटा कुणातरी माणसाच्या यूपीआयवर किंवा क्यूआर कोडवर पैसे मागतो आणि वर "आजच भरा, निम्म्यात सेटल करतो" म्हणतो. तडजोड बँकाही करतात, पण रक्कम आणि मुदत लिहिलेलं पत्र आधी देतात, पैसे नंतर घेतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं, आणि तो कोण हे बँकेने कर्जदाराला कळवलेलं हवं. फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत. मायक्रोफायनान्ससाठी 9 ते 6. पण वेळ पाळली म्हणून माणूस खरा ठरत नाही. दुपारी 12 वाजता फोन करायला भामट्यालाही जमतं.

सगळ्यात जास्त गोंधळ नोटिसांचा. इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. पतसंस्थेची थकबाकी असेल तर सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघतो, मग वसुली अधिकारी खरोखर दारात येतो आणि जप्तीही करू शकतो. हे सगळं खोटं समजून कागद माळ्यावर टाकणारे आहेत. लोकअदालतीची नोटीसही खरी असते, पण ती तडजोडीचं बोलावणं असतं. तिथे दोघांच्या संमतीशिवाय काही ठरत नाही आणि अटक तर नाहीच. याउलट व्हॉट्सॲपवर येणारं, अशोकस्तंभ छापलेलं, "दोन तासांत पोलीस येतील" म्हणणारं वॉरंट बनावट समजावं. नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत. चेक बाऊन्सचा खटला फौजदारी असतो हे खरं, पण त्याचं समन्स कोर्टाकडून येतं आणि ते मिटवायला फोनवर "फी" लागत नाही.

शंका आली की "कोन बोली ऱ्हायना भाऊ?" एवढं विचारून फोन ठेवून द्यावा. त्याने दिलेल्या नंबरावर खात्री करायची नाही, कारण तिकडे त्याचाच जोडीदार बसलेला असतो. पासबुक किंवा कर्जाच्या करारावरचा नंबर लावावा, नाहीतर शाखेत जाऊन खातेउतारा मागावा. सोसायटीचं असेल तर सचिवांना गाठावं. खरी बँक तेवढा वेळ थांबते. भामट्याला मात्र तुम्ही फोन ठेवणं परवडत नाही, म्हणून तो "लाईनवरच राहा" म्हणत असतो.

कधीच न घेतलेल्या कर्जाची वसुली आली तर नुसतं हसून सोडू नका. तुमच्या कागदांवर दुसऱ्याने कर्ज उचललेलं असू शकतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. त्यात ते कर्ज दिसलं तर कर्ज देणाऱ्या संस्थेला आणि त्या कंपनीला लेखी कळवा, शिवाय पोलिसांत तक्रार द्या.

पैसे गेलेच असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग आपल्या बँकेला; जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. खऱ्या एजंटचाच जाच असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा नंबर 14448. पतसंस्थेचा कारभार मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी तालुक्याच्या सहायक निबंधकांचं कार्यालय गाठावं लागतं.