वायर मागे, वाय-फाय पुढे: पार्श्वभूमी

"डब्यावर बाराशे लिहिलंय, मग मोबाइलवर नव्वदच का दाखवतंय?" कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नवा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीला जोडून वाय-फाय देणारं यंत्र, लागला, त्याच संध्याकाळी मालकांचा हा फोन आला. बाराशे म्हणजे वाय-फायच्या दोन रेडिओ पट्ट्यांचे वेग, 2.4 गिगाहर्ट्‌झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्‌झचे 867 यांची बेरीज, वर गोल केलेली; आकडे एमबीपीएसचे, म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. एक मोबाइल एका वेळी दोन्हीकडून घेत नाही, हे डब्यावर कोण छापणार?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण वायर कायम पुढे होती. 1999 मध्ये तांब्याच्या वायरीवर गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएस, आलं, तेव्हा वाय-फाय 11 एमबीपीएसवर होतं. 2003 मध्ये 54. म्हणून वायर टाकणारेही बिनधास्त वागले. 100 एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात. उरलेल्या निळ्या-तपकिरी जोड्या कुणी फोनला दिल्या, कुणी कॅमेऱ्याच्या बारा व्होल्टला. गिगाबिटला मात्र आठही लागतात. त्या काळची ती काटकसर आज भिंतीत गाडलेली आहे.

उलटापालट झाली 2013 मध्ये. वाय-फायच्या नव्या मानकात तीन स्ट्रीमचा, म्हणजे हवेत एकाच वेळी तीन समांतर प्रवाह सोडणारा, ॲक्सेस पॉइंट 1300 एमबीपीएस सांगू लागला आणि सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या स्विचचं पोर्ट 1000 चंच राहिलं. विक्रेत्यांनी सल्ला द्यायला सुरुवात केली: एका ॲक्सेस पॉइंटला दोन वायरी ओढा आणि त्या एकत्र बांधा. तीनेक वर्षं यावरून धंद्यात सरळ दोन तट होते. दोन वायरी म्हणजे दुप्पट केबल, दुप्पट पोर्ट, दुप्पट मजुरी. त्यामुळे सल्ला देणाऱ्यांचा उत्साह समजण्यासारखा होता.

हिशेब मात्र जुळत नव्हता. 1300 हा हवेतला कागदी वेग. हवेत एका वेळी एकानेच बोलायचं, डेटाच्या प्रत्येक तुकड्याची, म्हणजे पॅकेटची, पोच द्यायची, मधे थांबायचं. एवढं करून हाती साधारण निम्मा ते दोन तृतीयांश उरतो, आणि तोही सगळ्यांत वाटून. वायर मात्र जाता-येता दोन्हीकडे हजार देते. शिवाय बांधलेल्या दोन वायरींत एक संभाषण एकाच वायरीने जातं, त्यामुळे एका लॅपटॉपची एक फाइल दुप्पट वेगाने येत नाही. तीन स्ट्रीमचे मोबाइलही कुठे होते? ज्यांनी तेव्हा दुसरी वायर ओढली, त्यांतल्या बहुतेकांची ती नुसती पडून आहे. 2016 च्या सप्टेंबरात ऑफिसांतल्या त्याच नेहमीच्या कॅट 5ई वायरीवर अडीच गिगाबिटचं मानक मंजूर झालं आणि वाद आपोआप मिटला.

खरी अडचण तेव्हाही दुसरीकडेच होती, आजही आहे. वाय-फाय भराभर पॅकेट घेतं, पुढची इंटरनेटची ओळ (लाइन) ती हळू पुढे नेते आणि मधे रांग साचते. एकाने कास्टिंगचं ड्रॉइंग पाठवायला घेतलं की शेजारच्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो. उपाय असा, की राउटरवर मुद्दाम मर्यादा ओळीपेक्षा जरा खाली, शंभराच्या ओळीला नव्वद-पंचाण्णव अशी ठेवायची. मग रांग आपल्या राउटरवर लागते आणि प्रत्येकाला पाळी देता येते. अशी पाळी लावणारी एफक्यू-कोडेल पद्धत 2018 मध्ये कागदावर पक्की झाली, वापरात ती आधीपासूनच होती. "विकत घेतलेलं कमी कशाला करायचं?" हे गिऱ्हाइकाकडून ऐकावंच लागतं.

उद्यमनगरातल्या त्या ऑफिसात निळ्या-तपकिरी जोड्या कॅमेऱ्यातून सोडवल्या, वायरीची दोन्ही टोकं नव्याने क्रिम्प केली, म्हणजे आठही तारा प्लगमध्ये दाबून बसवल्या. स्विचवरचा पिवळा दिवा हिरवा झाला, म्हणजे वायर शंभरावरून गिगाबिटवर आली, आणि सर्व्हरवरची ड्रॉइंग चटकन उघडू लागली. मालकांनी लगेच मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली. नव्वदच. त्यांचा इंटरनेटचा प्लॅन शंभरचा होता.