मत्तयाची वंशावळ आणि लूकची वंशावळ

दर वर्षी १७ डिसेंबरला कॅथलिक चर्चमध्ये मिस्साबलिदानात (मुख्य उपासनेत) मत्तयाच्या शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राची, पहिली १७ वचनं वाचली जातात. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला... चार-पाच नावं झाली की लोकांचं लक्ष उडतं. पुढे कधीतरी लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय हाती येतो आणि माणूस चक्रावतो. येशू तोच, त्याचा बाप म्हणवला जाणारा योसेफ तोच, पण मत्तयात योसेफाचा बाप याकोब आणि लूकमध्ये एली! मग खरी यादी कुठली?

आधी दोन्ही याद्यांची चाल बघा. मत्तय वरून खाली येतो, अब्राहामापासून येशूपर्यंत. लूक येशूपासून मागे जातो: तो एलीचा, तो मत्ताथाचा, तो लेवीचा, असं करत थेट आदामापर्यंत, आणि आदाम देवाचा. मत्तय पुस्तक उघडतो तेच वंशावळीने. लूक ती येशूच्या बाप्तिस्म्यानंतर देतो, आकाशातून ‘तू माझा पुत्र’ अशी वाणी झाल्यावर लगेच.

मत्तय पहिल्याच ओळीत राजा दावीद आणि मूळपुरुष अब्राहाम ही दोन नावं घेतो, कारण देवाचे दोन करार त्यांच्याशी झाले होते. तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील, हे अब्राहामाला दिलेलं वचन. तुझी गादी कायम राहील, हे दावीदाला दिलेलं. ते पाळलं गेलं का, हे मत्तयाला दाखवायचंय. म्हणून तो १४-१४ पिढ्यांचे तीन टप्पे पाडतो. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते, आणि दावीद या नावातल्या अक्षरांची बेरीजही १४ होते. हा आकडा बसवायला तो योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे सरळ गाळतो. ही चूक नाही. त्या काळच्या वंशावळीत मधल्या पिढ्या सोडून पुढे जायची रीत होतीच. उलट बायकांची जी नावं सहज झाकता आली असती ती तो मुद्दाम सांगतो: तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको. मला तर हीच नावं सगळ्यात मोलाची वाटतात. राहाब यरीहोची, रूथ मवाबी, दोघी परक्या कुळातल्या. ‘सगळी कुळं’ हे वचन घरातच फळाला आलं होतं.

दावीदानंतर वाटा फुटतात. मत्तय शलमोनाकडून राजघराण्याने येतो, लूक दावीदाच्याच दुसऱ्या मुलाकडून, नाथानाकडून. याचा मेळ बसवताना तिसऱ्या शतकातल्या आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने असं मांडलं की याकोब आणि एली एका आईचे, पण वेगळ्या बापांचे मुलगे होते. एली निपुत्रिक वारला आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे याकोबाने भावाच्या विधवेशी लग्न केलं; अशा लग्नातला पहिला मुलगा मेलेल्या भावाचा मानला जाई. म्हणजे योसेफ रक्ताने याकोबाचा, कायद्याने एलीचा. लूकची यादी येशूची आई मरीया हिच्या माहेरची, असंही बरेच जण मानतात. पण लूक तिचं नाव यादीत घेत नाही, म्हणून मला पहिलं उत्तर जवळचं वाटतं.

दावीदानंतर फुटलेल्या दोन्ही याद्या मध्येच एकदा एकत्र येतात, शल्तीएल आणि जरूब्बाबेल या दोन नावांवर. आणि मत्तयाच्या यादीत त्यांच्या अगदी आधी यखन्या आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाच्या या राजाला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने कैद करून बाबेलला नेलं. त्याच्याबद्दल यिर्मया संदेष्ट्याने देवाचा निरोप सांगितला होता, की तू माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असतास तरी तुला उपटून फेकलं असतं, तुझ्या वंशातला कोणी दावीदाच्या गादीवर बसणार नाही. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांत राजवाड्यातून द्यायच्या तेलाचा हिशोब आहे. त्यात यहूदाच्या या राजाचं नाव आणि त्याच्या पाच मुलांचा उल्लेख आहे. दावीदाचा वंश परक्याच्या कोठारातून मोजून मिळणाऱ्या तेलावर जगत होता. वचन इथेच संपलं, असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं.

यखन्याचा नातू जरूब्बाबेल मात्र यरुशलेमला परतला, मंदिराचं काम हाती घेतलं. त्याला हाग्गय संदेष्ट्यामार्फत देवाचा शब्द आला: मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखा करीन. आजोबांच्या वेळी उपटून फेकायची म्हटलेली तीच अंगठी!

जरूब्बाबेल राजा झाला नाही. त्याच्यापुढे मत्तय अबीहूद, एल्याकीम, अज्जूर अशी नावं देतो आणि ही माणसं बायबलात दुसरीकडे कुठेच भेटत नाहीत. ना गादी, ना मुकुट. तरी घराघरात बापाने मुलाला नावं सांगितली, मुलाने त्याच्या मुलाला, नासरेथच्या सुतारापर्यंत.